पेटीतला टेकू

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, भावांपाशी नाही. देवापुढे तर नाहीच — आणि देवापुढे का नाही, ते वाचत गेलात की कळेल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा जमतंय. ओळखीचा माणूस समोर असला की मी सौदा करायला लागतो. थोडं सांगायचं, थोडं राखायचं, त्याचा चेहरा बघून पुढचं ठरवायचं. इथं चेहरा नाही. तेव्हा भाव पाडायला जागा नाही.

मी बेळगावात लाकूडकामाची कंत्राटं घेतो. नाव आहे, माणसं हाताखाली आहेत. पण मी सुताराच्या घरातला नव्हे. खानापूरकडे आमची भाताची शेती, भावाभावांत वाटून बांधाएवढी उरलेली. मी मिसरूड फुटायच्या आत बेळगावला आलो, कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, एका मेस्त्रींकडे राहिलो, ओंडके उचलले, हत्यारांना धार लावली, शिव्या खाल्ल्या आणि शिकलो. मला कुणी शिकवलं नाही, मी शिकलो. हे मी नेहमी ठासून सांगतो. आताही सांगितलंच, बघा.

त्याच मेस्त्रींकडे यल्लाप्पा आला. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. बाप सुतार, आजा सुतार. जे शिकायला मला वर्षं लागली ते तो घरूनच घेऊन आला होता. रंधा मारताना माझा खांदा दुखायचा. तो रंधा मारता मारता गुणगुणायचा. मला अण्णा म्हणायचा. जेवणाचा डबा उघडला की आधी माझ्यापुढे धरायचा. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा हेवा करायला काय लागतं? या माणसाचा हेवा मला लपवून करावा लागला.

आता कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत भिंत जिथं छताला मिळते तिथं लाकडाची नक्षीदार पट्टी असते. आम्ही तिला कार्निस म्हणतो. ती भिंतीला सपाट चिकटत नाही. भिंतीला शिडी टेकवावी तशी तिरकी बसते — एक कड भिंतीवर, एक कड छताला, मागे पोकळी. तिचा कोपरा जुळवणं हे सुताराच्या परीक्षेचं काम. त्यासाठी मेस्त्रींनी एक पेटी केली होती. तळाची एक फळी, दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या आणि त्या फळ्यांत करवत उतरायला तिरक्या खाचा. पट्टी त्या पेटीत उलटी ठेवायची, छताची कड खाली, भिंतीची कड वर, आणि तशीच तिरकी. पण तिरकी पट्टी करवतीच्या रेट्याने सरकते. म्हणून शिडीच्या पायाशी दगड लावतात तसा पेटीच्या तळाला एक बारीक लाकडी टेकू स्क्रूने आवळायचा. सगळं त्या टेकूवर. टेकू एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, इकडचा तिकडे झाला की पट्टीचा कल बदलतो. कापताना काही कळत नाही, काप छान दिसतो. कळतं ते वर चढल्यावर, दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटल्यावर.

आणि पट्टी लांब असली की तिचं शेपूट कुणीतरी धरावं लागतं. पेटीच्या तळाच्या उंचीला, हलू न देता. ते मी धरायचो. यल्लाप्पा कापायचा, मी शेपूट धरायचो.

मेस्त्री थकले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बोलावून पेटी यल्लाप्पाला दिली आणि मला मोजायची टेप. म्हणाले, तू मापं घे, गिऱ्हाईक सांभाळ. दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. ती टेप मी त्याच आठवड्यात विकून टाकली.

आम्ही भागीत कामं घ्यायला लागलो. लाकूड मी आणायचो. वखारीत कन्नडमध्ये भाव पाडायचो, बाहेर येऊन मराठीत शिव्या द्यायचो. अडून बसलेलं गिऱ्हाईक मी वळवायचो, आगाऊ रक्कम मी सोडवायचो. माझ्याशिवाय यल्लाप्पाने एका कपाटाचेही नीट पैसे घेतले नसते. पण काम बघायला आलेला माणूस बघायचा कुणाकडे? त्याच्याकडे. चहा आला की त्याला कपबशीत, मला पेल्यात. लोक म्हणायचे, हात यल्लाप्पाचा, तोंड परशाचं. परशा म्हणजे मी.

घरीसुद्धा सुटका नव्हती. लग्नात यल्लाप्पाने माझ्या बायकोला एक पोळपाट करून दिला होता, फणसाच्या लाकडाचा. कुठल्याही फरशीवर ठेवा, डुगडुगायचा नाही. मी एकदा दुसरा केला. सागवानी, मोठा, कडेला नक्षी. बायकोने तो हळदीकुंकू लावून फडताळात ठेवला आणि पोळ्या जुन्यावरच लाटत राहिली — भावजींच्या पोळपाटावर. मी एक दिवस भडकलो, म्हटलं, माझ्या पोळपाटाला काय धाड भरलीय? ती म्हणाली, “छान हाय की. पर डुगडुगतोय.”

एवढ्यावरून कुणी माणूस बिघडतो का? नाही. पण रोज थोडं थोडं साठतं.

पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला. त्याला सगळे सावकार म्हणत. दिवाणखान्याला कॅम्पासारखी सागवानी कार्निस हवी, जोड नको, एका भिंतीला एकच सलग पट्टी, आणि कोपऱ्याच्या फटीत लुकण भरलेलं दिसलं तर पट्टी काढून टाकीन — अशी त्याची अट. सलग पट्टीला लागतील तेवढे लांब नग मी कुठून कुठून मिळवले ते माझं मला ठाऊक. यल्लाप्पाने सगळा पावसाळा त्या पट्ट्यांवर नक्षीचा रंधा मारला. सावकाराची म्हातारी आई खुर्ची टाकून त्याचं काम बघत बसायची. मी समोरून गेलो की विचारायची, “आज काय काम न्हाय व्हय तुला?”

नवरात्र आलं. सावकाराची इच्छा, पट्टीला पहिली करवत दसऱ्यादिवशी लागावी. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यल्लाप्पाने पेटीत टेकू लावला, दोन तुकडे कापले आणि मला दाखवायला कोपरा जुळवून धरला. केस जाणार नाही असा सांधा. मी म्हटलं, बरा आहे.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. करवती, रंधे, पटाश्या धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला कुणी हात लावत नाही. खिळासुद्धा उचलत नाहीत. लहान मुलाला माहीत असतं ते. दिवाणखान्यातच पूजा मांडली, मधोमध पेटी. नारळ फोडायचा मान सावकाराने यल्लाप्पाला दिला. आणि प्रसाद खाता खाता, मी तिथं उभा असताना, माझ्याकडे न बघता, त्याला म्हणाला की बेळगावात माझा मेव्हणा बंगला बांधतोय. “त्येला तू एकटा पायजेस. मधे दलाल नको म्हणतोय.”

दलाल.

यल्लाप्पा नुसता हसला. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने काय उत्तर दिलं असतं? मला कधीच कळलं नाही. मी विचारलंच नाही. तो तसाच बस धरून सदलग्याला बहिणीकडे जेवायला गेला. सावकाराच्या घरचे आत पंगतीला बसले. मला बोलावलं होतं, भूक नाही म्हटलं.

दिवाणखान्यात मी एकटा. भर दुपार. खिडकीतून ऊन थेट पेटीवर पडलं होतं. आतून वाढप्यांचे आवाज येत होते.

इथवर आलोय आणि आता हात थांबतोय — पण थांबून काय होणार?

पाटावरचा पेचकस उचलला. पुजलेला, हळद लागलेला. टेकूच्या स्क्रूंच्या खाचांत कुंकू भरलं होतं; ते नखाने कोरून काढलं. स्क्रू सैल केले, टेकू दोन सूत पुढे सरकवला, जुनी भोकं टेकूखालीच झाकली जातील असे नवे टोचे मारले, आवळले. मग ताटलीतलं कुंकू बोटाने खाचांत परत भरलं. टेकूवर पाकळ्या होत्या तशा ठेवल्या. यल्लाप्पाने चाचणीला कापलेले ते दोन तुकडे भुशात पडले होते. भुसा पोत्यात भरला, परसात पाणी तापवायच्या चुलीपाशी नेला आणि तुकडे आधी आत घातले. ते पेटेपर्यंत उभा राहिलो. मग हात धुऊन पंगतीला बसलो. भूक लागली होती. दोनदा भात घेतला.

रागाच्या भरात झालं असं म्हणता येईल का? राग माझा सगळ्या बेळगावाला माहीत आहे. राग आला की मी ओरडतो, वस्तू आपटतो, घटकेत थंड होतो. हे करताना मी ओरडलो नाही. माझा हात इतका स्थिर एरवी कधी नसतो.

आणि हे तरी सगळं नव्हे. टेकू सरकवणं ही अर्धी गोष्ट.

दसऱ्याला सकाळी यल्लाप्पा आला. नवा सदरा घातला होता. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, मी मोठा म्हणून वाकून पायाला हात लावला. पेटीला नमस्कार केला. एरवी तो रोज सकाळी एक तुकडा कापून टेकू तपासायचा. त्या दिवशी नाही तपासला. का तपासावा? परवा तपासला होता आणि मध्ये पूजा होती. पुजलेल्या हत्याराला हात लावणारा माणूस त्याच्या डोक्यातच नव्हता. पेटी एकदा लागली की सगळे काप एका बैठकीत उरकायचे ही त्याची रीत. मध्ये उठलं तर हात बदलतो म्हणायचा. पट्टी उलटी करून आत ठेवली. मी शेपूट धरलं. सावकार, म्हातारी, घरातली बायकापोरं भोवती. करवत खाचेत ठेवून तो थांबला. डोळे बारीक करून पट्टीकडे बघितलं — काहीतरी जाणवलं असणार त्याला, तो हातच तसा होता. मान वळवून मला विचारलं,

“सरळ हाय न्हवं, अण्णा?”

ही ती जागा. इथं मी शेपूट किंचित हलवलं असतं, थांब म्हटलं असतं, एक तुकडा काप म्हटलं असतं — कुणाला काही कळलं नसतं. टेकू परत मागे गेला असता आणि मी फक्त मनातला चोर राहिलो असतो.

मी म्हटलं, “सरळ हाय. मार.”

तो माझ्यावर विश्वासून वळला आणि करवत चालवली. मग दुसरा काप. मग पट्टी फिरवली. प्रत्येक वेळी मी शेपूट धरलं, तळाच्या उंचीला, न हलवता. इतकं चांगलं मी ते कधीच धरलं नव्हतं.

दुपारी परांचीवर चढून पहिल्या दोन पट्ट्या कोपऱ्यात आणल्या. सांधा खाली जुळला, वर उघडला. आठाण्याचं नाणं उभं सरकेल एवढी फट. दुसऱ्या कोपऱ्यातही तीच. यल्लाप्पा बराच वेळ तिथंच उभा होता, पट्टी डोक्यावर पेलून, खाली न बघता. परत कापावं तर पट्टी आखूड होणार. तेवढं लांब लाकूड परत मिळणार नाही हे सावकारालाही माहीत होतं. सावकार बोलू लागला. काय बोलला ते लिहीत नाही. तंबाखूच्या वखारीत माणसांशी जसं बोलतात तसं बोलला. म्हातारी खुर्ची उचलून आत गेली.

यल्लाप्पा खाली उतरला आणि पेटीपाशी बसला. काटकोनाचा गुण्या लावला, माप घेतलं. त्याला सापडलं, लगेच सापडलं. टेकू दोन सूत पुढे. मला वाटलं, आता मान वर करील आणि माझ्याकडे बघेल. त्याने मान वर केली आणि माझ्याकडेच बघितलं. म्हणाला, “मीच लावलाय की रं हा. परवा चाचणी केलती. केस जात न्हवता, तू बघितलंस न्हवं?”

मी काय म्हणालो असेन?

म्हटलं, मला तेव्हाच जरा उघडा वाटला होता. पण तू म्हणालास बसलाय, म्हणून गप्प राहिलो.

तो भुशात ते दोन तुकडे शोधत राहिला. नंतर अंगठ्याने डोळे चोळले. “मला बसल्यालं दिसलं,” एवढंच म्हणाला. दोनदा म्हणाला.

आणि मी? मी सावकाराकडे गेलो. तोडगा माझ्याकडे तयार होता. तो मला आयत्या वेळी सुचला नव्हता हो — आदल्या दुपारी भात खातानाच ठरला होता. पट्ट्यांची टोकं परत कापून आखूड करायची आणि चारही कोपऱ्यांत नक्षीचे चौकोनी ठोकळे बसवायचे. सांधाच नाही, मग फट कुठली? सावकाराने ठोकळे बसल्यावर मान मागे टाकून बघितले आणि म्हणाला की डोकं ते डोकं. मला चहा आला, कपबशीत. बेळगावचं मेव्हण्याचं काम मला मिळालं. पुढची दहा वर्षं निपाणीत आणि बेळगावात जो तो परशाचे ठोकळे मागत होता. आजही कुठल्या दिवाणखान्यात गेलो की माझी नजर आधी वर कोपऱ्यात जाते. असतात तिथं.

यल्लाप्पाने भागी सोडली. भांडला नाही. म्हणाला, नजरेचा भरवसा न्हाई, गिऱ्हाइकाचं लाकूड कशाला नासायचं. बायकोच्या गावी जांबोटीला गेला. तिथं नांगर, खाटा, गोठ्याची दारं करतो असं कळायचं. जाताना पेटी माझ्या दारात आणून ठेवली. मी म्हटलं, अरे ने की. तर म्हणाला, “तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. वरसाला पूजा कर तिची.” टेकू काढला नव्हता त्याने. तसाच होता.

त्यानंतर तो एकदाच आला. मी वडगावात घर बांधलं होतं, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. डोक्यावरचे केस गेले होते. जांबोटीहून पायी निम्मा रस्ता आणि मग बस. बायकोने चहा दिला, भावजी भावजी करत तो जुना पोळपाट दाखवायला आणला. त्याने तो फरशीवर ठेवून बोटाने दाबून बघितला आणि हसला. मग वर बघितलं, माझ्या दिवाणखान्याच्या ठोकळ्यांकडे. बेस केलंस म्हणाला. मी विचारलं, कशाला आलतास बेळगावला? डोळं दाखवायला, म्हणाला. पैसे साठवून मोठ्या डॉक्टरकडे आला होता, इतक्या वर्षांनी.

“डॉक्टर म्हणतोय, डोळं पोराचं हाईत तुझं. काय बी झाल्यालं न्हाय.” तो बशीतल्या चहाकडे बघत होता. “मग हातच गेला असंल न्हवं, अण्णा?”

बायको स्वयंपाकघरात होती. दिवाणखान्यात आम्ही दोघंच. त्याने तिसऱ्यांदा मला विचारलं होतं. आधी सरळ आहे का म्हणून, मग तू बघितलंस ना म्हणून, आता हे.

मी म्हटलं, वय होतं रे. हात जातो कधी कधी.

त्याने मान हलवली. शेवटच्या बसची वेळ विचारली आणि उठला. मी त्याला कोपऱ्यापर्यंतही सोडायला गेलो नाही.

मला अजूनही त्याचा हेवा वाटतो, हेही सांगून टाकतो. लोक माझ्या ठोकळ्यांची तारीफ करतात तेव्हा वाटतो. ठोकळा म्हणजे सांधा न जमणाऱ्याची सोय, हे मला माहीत आहे आणि त्याला माहीत होतं. तरी तो बेस म्हणाला. त्या म्हणण्याचाही मला राग आला होता.

जांबोटीला बस जाते. कमी जाते, पण जाते. तो तिथं आहे, गोठ्याची दारं करतोय. मी हे तुम्हाला सांगितलं. त्याला सांगितलेलं नाही.

दर खंडेनवमीला पेटी पाटावर मांडतो. ती नको, जुनी आहे, असं मुलं म्हणतात. मी धुतो, पुसतो, फूल ठेवतो. स्क्रूच्या खाचांत कुंकू भरतो. टेकू अजून मी लावला तिथंच आहे, दोन सूत पुढे.